पहिला पीस पास, शेवटचा कोण बघणार?

अमेयचा फोन येतो तो आमच्याकडे सकाळी साडेनऊला, दुसऱ्या चहाच्या वेळेला. तेव्हा तिकडे ॲरिझोनात, चँडलरला, आदल्या रात्रीचे नऊ वाजलेले असतात. अमेरिकेतल्या बाकीच्या भाच्या-पुतण्यांशी बोलताना घड्याळाचा हिशेब वर्षातून दोनदा बदलावा लागतो. ॲरिझोना घड्याळ पुढे-मागे करत नाही, त्यामुळे बारा महिने साडेबारा तासांचा फरक ठरलेला. हा मुलगा चिपच्या कारखान्यात इंजिनिअर आहे आणि शनिवार-रविवारी पिस्तुलाच्या स्पर्धा खेळतो. माझ्या ताईला हे अजिबात पसंत नाही, पण तो वेगळा विषय.

त्या दिवशी तो म्हणाला, "मामा, तुला प्रेस फिटबद्दल विचारायचंय."

निवृत्तीनंतर हा शब्द माझ्याकडे कोणी काढला नव्हता. ठाण्याच्या वागळे इस्टेटला सोळा नंबर रस्त्याच्या बाजूला आमची टूलरूम होती, तिथे मी तेहतीस वर्षं प्रेसच्या डाय, म्हणजे पत्र्याचे तुकडे काढायचे साचे, केल्या. १९६२ साली एमआयडीसी निघाली आणि तिची पहिली वसाहत म्हणजे आमची वागळे इस्टेट. आता आमच्या शेडच्या जागी काचेची इमारत आहे आणि आत माणसं हेडफोन लावून बसतात. असो. प्रेस फिट म्हणजे एक भाग दुसऱ्यात दाबून घट्ट बसवणं. हा शब्द ऐकल्यावर मी कप खाली ठेवला.

प्रकरण असं. अमेय ९ एमएमची काडतुसं घरी भरतो. एकदा उडालेली पितळी पुंगळी पुन्हा मापात आणायची, तिच्या बुडाला नवा प्राइमर, म्हणजे दारू पेटवणारा छोटा भाग, बसवायचा, दारू घालायची, वर गोळी बसवायची. तिकडे हे खूप लोक करतात. स्वतःपुरतं करायला केंद्र सरकारचं लायसन लागत नाही, भरून विकायचं असेल तर लागतं. २०२०-२१ मध्ये तिकडे प्राइमर दुकानातून गायब झाले होते, तेव्हा ह्याने मिळतील तिथून, मिळतील त्या कंपनीचे उचलून ठेवले होते. हे पुढे महत्त्वाचं आहे.

तक्रार एका वाक्याची होती. ऐन स्पर्धेत ट्रिगर ओढला की कधी कधी नुसतं 'टक' होतं. काडतूस उडत नाही. ते काढून टाकायचं, पुढचं घ्यायचं, तेवढ्यात दीड-दोन सेकंद जातात आणि नंबर जातो.

मी पहिला प्रश्न विचारला, "न उडालेलं काडतूस पुन्हा त्याच पिस्तुलात घातलं तर?"

"दुसऱ्या फटक्याला उडतं."

मला बंदुकीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हे उत्तर ऐकल्यावर मी त्याला म्हटलं, की फटका कमी पडत नाहीये, पहिला फटका दुसऱ्याच कामात खर्च होतोय. मात्र तो कुठे खर्च होतोय हे कळायला मला चार दिवस प्राइमर म्हणजे काय ते समजून घ्यावं लागलं.

इथे एक गोष्ट मधेच सांगून टाकतो. अमेय म्हणाला, "मामा, दोन रिकाम्या पुंगळ्या नमुना म्हणून पाठवू का? आई डिसेंबरमध्ये येऊन परत जातेय, तिच्या बॅगेत देतो." मी फोनवर ओरडलोच. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे, त्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे दारूगोळा तयार करायला लायसन लागतं, आणि व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भागही धरलेले आहेत. विमानतळावर बॅगेत एक विसरलेलं काडतूस सापडलं म्हणून माणसं पोलीस ठाण्यात बसलेली आपण पेपरात वाचतो. सत्तरीतली बाई स्कॅनरपाशी पुंगळीसकट उभी, हे चित्र डोळ्यांसमोर आलं. तेव्हा ह्या प्रकरणात मी एकही वस्तू हातात घेतलेली नाही. सगळं फोटोवर आणि बोलण्यावर झालं. इकडे ठाणे शहरात बसून हे कोणी घरी करून बघायचं नाही, हे सांगायला नको, तरी सांगितलं.

वाटी आणि तिवई

लहानपणी दिवाळीत टिकल्यांची बंदूक असायची. कागदात दोन थरांमध्ये चिमूटभर मसाला, वरून घोडा आपटला की फट्. प्राइमर म्हणजे तीच टिकली, फक्त धातूच्या वाटीतली. ९ एमएमला जो लहान पिस्तूल प्राइमर लागतो त्याचा व्यास ०.१७५ इंच, म्हणजे साधारण ४.४५ मिलिमीटर, तुरीच्या डाळीएवढा. पितळेची उथळ वाटी, तिच्या तळाशी धक्क्याने पेटणारा मसाला, आणि वाटीच्या तोंडात एक तीन पायांची छोटी ऐरण. काही कंपन्या दोन पायांची करतात. मी तिला तिवई म्हणायला लागलो आणि आमच्यात तेच नाव रूढ झालं.

वाटी उलटी करून पुंगळीच्या बुडातल्या खळग्यात दाबून बसवतात. तिवईचे पाय वाटीच्या काठाच्या किंचित बाहेर असतात. बसवताना ते पाय खळग्याच्या तळाला टेकतात, आणि आणखी थोडं दाबलं की तिवई मसाल्यात घट्ट रुतते. आता बाहेरून पिस्तुलातल्या पिनेचा फटका बसला की मसाला वाटी आणि तिवई यांच्यामध्ये चिरडला जातो आणि तळाच्या भोकातून ठिणगी दारूत जाते.

आणि पाय तळाला टेकलेच नसतील तर? तर पिनेचा पहिला फटका प्राइमरला आत ढकलण्यात जातो. म्हणजे पिस्तुलाने स्वतःच प्राइमर बसवण्याचं उरलेलं काम केलं. दुसऱ्या फटक्याला पाय टेकलेले असतात, म्हणून उडतं. अमेयने न उडालेल्या काडतुसाचा फोटो पाठवला त्यात पिनेचा खड्डा उथळ, बशीसारखा होता. उडालेल्या पुंगळीवर तोच खड्डा खोल आणि धारदार कडेचा.

ह्या रचनेला बॉक्सर प्राइमर म्हणतात. बॉक्सर हा इंग्रज. दुसरी रचना बर्डनची, तिच्यात तिवई पुंगळीतच कोरलेली असते, आणि बर्डन अमेरिकन. दोघांची पेटंट १८६० च्या दशकातली. पुढे इंग्रजाची रचना अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची युरोपने.

मापं अशी. खळग्याची खोली ०.११७ ते ०.१२३ इंच, म्हणजे २.९७ ते ३.१२ मिलिमीटर. प्राइमरची उंचीही त्याच घरातली. खळग्याचा व्यास प्राइमरपेक्षा थाऊभर, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाएवढा, कमी, म्हणून तो दाबून बसवावा लागतो आणि मग घट्ट राहतो. नीट बसलेला प्राइमर पुंगळीच्या बुडाच्या पातळीपेक्षा तीन ते पाच थाऊ खाली असावा असं भरणारी मंडळी मानतात. मिलिमीटरमध्ये ०.०८ ते ०.१३. आमच्या टूलरूममध्ये हे माप म्हणजे रोजचं जेवण. पाव मिलिमीटरच्या आत सगळं भांडण.

उंच राहिलेला प्राइमर फक्त 'टक' करून थांबतो असंही नाही. पिस्तुलाचा पाठचा भाग जोरात पुढे येऊन काडतुसावर आदळतो, आणि प्राइमर वर आलेला असेल तर चेंबर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, पुरता बंद होण्याआधी तो पेटण्याची शक्यता असते. हे वाचल्यावर मी अमेयला म्हटलं, की आधी तुझा भरलेला साठा बाजूला ठेव, नंबराचं नंतर बघू.

संशयित

अमेयचे संशय तीन होते, आणि तिन्हींसाठी त्याने पैसे खर्च केले होते.

पहिला संशय स्प्रिंगवर. ट्रिगर हलका व्हावा म्हणून त्याने सहा महिन्यांपूर्वी पिस्तुलात हलकी स्प्रिंग बसवली होती. फटका कमी झाला म्हणून उडत नसेल, हे बोलायला बरोबर आहे. पण कारखान्यातून भरून आलेली पन्नास काडतुसं त्याच हलक्या स्प्रिंगवर त्याने उडवली, पन्नासच्या पन्नास उडाली. मग मी त्याला उलटी परीक्षा करायला सांगितली. जुनी जड स्प्रिंग लाव आणि तुझी स्वतःची काडतुसं उडव. तीही जवळजवळ सगळी उडाली. अमेय गोंधळला. मला मात्र बरं वाटलं. म्हणजे उंच प्राइमर पूर्वीपासूनच होते, जड स्प्रिंग एकाच फटक्यात प्राइमर बसवून वर पेटवतही होती. हलकी स्प्रिंग आली आणि जुना दोष उघडा पडला.

दुसरा संशय प्राइमरच्या कंपनीवर. टंचाईत घेतलेले वेगवेगळे प्राइमर, कोणाची वाटी जाड, कोणाची पातळ. त्याने एकाच कंपनीचा नवा बॉक्स आणला. फरक पडला नाही.

तिसरा संशय पुंगळ्यांवर, आणि हा निम्मा खरा निघाला. लष्करासाठी केलेल्या काडतुसात प्राइमर हलू नये म्हणून खळग्याची कड आत चेपलेली असते. ह्याला क्रिम्प म्हणतात. जुना प्राइमर काढला तरी ती चेपलेली कड तशीच राहते. नव्या प्राइमरला आत जायला तोंडच नाही. तो वाकडा जातो, वाटी दुमडते, नाहीतर कडेचं पितळ सोलून निघतं. बुडावर वर्तुळात अधिकचं चिन्ह असलेल्या, नेटोच्या पुंगळ्या तर ओळखूच येतात. नेमबाजीच्या रेंजवरून गोळा करून आणलेल्या मालात ह्या मिसळलेल्या असतात. अमेयने कड रुंद करायचं हत्यार विकत घेतलं, सगळ्या क्रिम्पवाल्या पुंगळ्या निवडून काढल्या, सरळ केल्या. उंच प्राइमर कमी झाले, पण संपले नाहीत.

निम्मं खरं कारण सापडलं की माणूस शोध थांबवतो. आमच्याकडे एका डायमध्ये पंच तुटायचा, स्टीलचा लॉट कडक आहे असं ठरलं, लॉट खरोखरच कडक होता, आणि तरीही नवीन लॉटवर पंच तुटलाच. डायचे दोन भाग सरळ रेषेत धरणारा खांब, गाईड पिलर, झिजला होता. महिना गेला त्यात.

पितळेवरून आठवलं. आमच्या शेजारचे काका अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, पितळ हा त्यांचा विषय. पुंगळीचं पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. त्यांनी मला फार वर्षांपूर्वी सांगितलेली गोष्ट अशी, की इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांजवळ ठेवलेल्या काडतुसांना आपोआप तडे जायचे. लिदीतून सुटणारा अमोनिया आणि दमट हवा, आणि ओढून केलेल्या पितळेत अडकलेला ताण. मी लगेच अमेयला विचारलं, पुंगळ्या कशाने उजळतोस? तो साधा साबण आणि स्टीलच्या बारीक सळ्यांच्या ड्रममध्ये फिरवतो. ठीक. भांडी घासायच्या काही पॉलिशमध्ये अमोनिया असतो, ते पुंगळीला लावू नकोस, म्हटलं. ह्याचा आपल्या दोषाशी संबंध नव्हता. पण सांगून ठेवलं.

काच

मग मोजमाप. अमेयने डिजिटल व्हर्नियरच्या मागच्या सळीने खोली मोजून मला तक्ता पाठवला. दोन दशांशांपर्यंत आकडे, रंगीत आलेख, सगळं छान. मी त्याला एकच पुंगळी दहा वेळा मोजायला सांगितली. दहा वेळा सात वेगळे आकडे आले. पुंगळीच्या बुडावर कंपनीची अक्षरं ठोकलेली, कडेला पुंगळी ओढून काढणाऱ्या पिस्तुलाच्या हुकाने ओरखडून उठलेली बर, आणि साडेचार मिलिमीटरच्या वर्तुळावर हातात धरलेला व्हर्नियर. त्याने पाव मिलिमीटरचं भांडण सुटणार नाही.

"घरात जाड काच आहे का? टेबलावरची, आरसा, काहीही."

"आहे."

"त्याच्यावर पुंगळी उभी कर. बोटाने हलकेच टिचकी मार. डुलली तर प्राइमर उंच. उभी राहिली तर पातळीत किंवा खाली. एवढंच."

आमच्याकडे ह्यासाठी सरफेस प्लेट असायची, ग्रॅनाइटची अगदी सपाट फरशी. पण काचही पुरते. एखाद्या पुंगळीचं बुडच उचकटलेलं असलं तर ती उगाच डुलते, ती वेगळी काढायची. अमेयने मुठीत बसतील तेवढ्या पुंगळ्या काचेवर उभ्या केल्या आणि कॅमेरा लावला. टिचकी मारली की बहुतेक सरळ, मधेच एखादी देवळातल्या घंटेच्या लोलकासारखी डुलायची. त्याला हे बघून फारच आश्चर्य वाटलं. इतके महिने तो बोट फिरवून तपासत होता. बोटालाही उंच प्राइमर लागतो, पण तिसऱ्या शंभराला बोट कंटाळतं.

मोजायला मग त्याने डायल इंडिकेटर, म्हणजे टोक किती वर-खाली झालं ते तबकडीवर दाखवणारं मापक, आणला, बारीक टोकाचा, छोट्या स्टँडवर. काचेवर शून्य लावायचा आणि पुंगळी उलटी धरून बुडाची पातळी व प्राइमरची पातळी यांतला फरक घ्यायचा. आता तीच पुंगळी दहा वेळा मोजली तर आकडा एक-दोन थाऊंच्या आत. ह्या आकड्यावर बोलता येतं.

"पहिले दहा तर मी बघतोच"

आता मशीन. अमेयचं यंत्र प्रोग्रेसिव्ह आहे. गंमत म्हणजे मी आयुष्यभर प्रोग्रेसिव्ह डायच केल्या. पट्टी एकेक ठाणं पुढे सरकते, प्रत्येक ठाण्यावर एक काम, शेवटी तयार तुकडा. ह्याच्याकडे पट्टीच्या जागी फिरणारी पोलादी तबकडी आहे, तिला शेल प्लेट म्हणतात. तिच्या खाचांत पुंगळ्यांची कड अडकते. हँडल खाली ओढलं की तबकडी वर जाते, पहिल्या ठाण्यावर जुना प्राइमर निघतो. हँडल वर येऊन पुढे ढकललं की खालचा पंच नवा प्राइमर पुंगळीत दाबतो. पुढच्या ठाण्यांवर दारू, गोळी, वगैरे.

मी विचारलं, "प्राइमर बसला हे तुला कसं कळतं?"

"हँडलला लागतं ना. शेवटी ठक्कन थांबतं."

"कशावर थांबतं?"

तो गप्प झाला. मला आमचे मुकादम आठवले. नवीन पोराला बेअरिंग शाफ्टवर ठोकायला द्यायचे आणि पाठ करून उभे राहायचे. बेअरिंग शाफ्टच्या खांद्याला, म्हणजे त्यावरच्या पायरीला, टेकलं की हातोडीचा आवाज बदलतो, पोकळ 'ठण' जाऊन भरीव 'ठक' येतो. पोरगा थांबला की ते न बघताच सांगायचे, बसलं नाही अजून. पण बेअरिंगला खांदा असतो. ह्याच्या हँडलला दोन ठिकाणी थांबता येतं. एक, तिवईचे पाय तळाला टेकले की. दोन, हँडलचा दांडा यंत्राच्या स्वतःच्या स्टॉपरला टेकला की. हाताला दोन्ही सारखंच लागतं. प्रेस स्टॉपरवर बसला आणि जॉब, म्हणजे हातातला तुकडा, बसलाच नाही, हे आमच्याकडे आठवड्याला एकदा व्हायचं.

पंचाची धाव ठरलेली आहे. तो खालून दाबतो तेव्हा पुंगळी वर उचलली जाते, खाचेच्या ओठाला अडते, आणि ती तबकडीला वर ढकलते. तबकडी जेवढी वर उचलली जाईल तेवढी धाव वाया. तबकडी पाच थाऊ उचलली तर प्राइमर पाच थाऊ उंच. पाच थाऊ म्हणजे आपलं सगळं भांडणच तेवढं.

"तबकडी हलते का?"

"नाही. मी दर वेळी सुरू करायच्या आधी पुसतो, मधला बोल्ट आवळतो. आणि पहिले दहा तर मी बघतोच. कायम बरोबर असतात."

त्याच्या ह्या वाक्यावर माझी खात्री झाली, पण मी बोललो नाही. पुरावा हवा होता, आणि पुरावा त्याच्याकडे नव्हता, कारण भरलेली सगळी काडतुसं तो एका बादलीत टाकायचा. पहिलं कुठलं, दोनशेवं कुठलं, कळायला मार्ग नाही. दोष उघड दिसत होता तो क्रमात, आणि क्रम बादलीत गेला होता.

मी त्याला चार ट्रे मांडायला सांगितले. प्रत्येकात पन्नास भोकं. सगळ्या पुंगळ्या एकाच कंपनीच्या, क्रिम्प नसलेल्या. दारू नाही, गोळी नाही, फक्त प्राइमर बसवायचा. डोळ्यांवर चष्मा. निघेल त्या क्रमाने भोकात उभी करायची, मधे बोल्टला हात लावायचा नाही. दोनशे झाल्यावर काच.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला फोन. पहिल्या ट्रेमध्ये डुलणारी एकही नाही. दुसऱ्यात एक. तिसऱ्यात सहा. चौथ्यात चौदा.

मी म्हटलं, आता तबकडीला दोन्ही बाजूंनी अंगठे लावून हलव. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही, मग, "मामा, हलतेय."

मधल्या बोल्टला एक छोटा कुलूप-स्क्रू आहे, बाजूने येऊन बोल्टला अडवणारा. स्प्रिंग बदलायच्या आधीच्या दिवाळीत साफसफाईसाठी अमेयने तबकडी उघडली होती. परत लावताना बोल्ट आवळला, कुलूप-स्क्रू नुसता हाताने फिरवून ठेवला. त्यामुळे प्रत्येक बैठकीत बोल्ट घट्ट सुरू व्हायचा आणि हादऱ्यांनी हळूहळू सुटत जायचा. पुढच्या शनिवारी तो पुन्हा आवळायचा. पहिले दहा म्हणून कायम पास. आमच्याकडे फर्स्ट पीस जसा सहीसाठी ठेवायचो तसा लास्ट पीसही लेबल लावून ठेवायचो, डाय उतरवताना तो बघितल्याशिवाय कपाटात जात नसे. अमेयच्या चिपच्या कारखान्यातही हे असणारच. तो म्हणाला, आहे, पण हे तर माझं गॅरेज आहे.

डायलचे आकडेही तेच सांगत होते. पहिल्या ट्रेमधल्या बहुतेक पुंगळ्यांत प्राइमर तीन-चार थाऊ खाली, चौथ्यात सरासरी जेमतेम पातळीत, आणि डुलणाऱ्या दोन थाऊपर्यंत वर. म्हणजे चौथ्या ट्रेमध्ये ज्या डुलत नव्हत्या त्याही नीट बसलेल्या नव्हत्या. काच फक्त पातळीच्या वर आलेला प्राइमर पकडते. पातळीत असलेला पण तिवई न टेकलेला प्राइमर तिच्यातून सुटतो, म्हणून आधी काचेवर आणि मग दर दहाव्याला डायलवर, असं ठरलं.

इलाज पाच मिनिटांचा. बोल्ट तबकडी अडेपर्यंत आवळायचा, मग ती मोकळी फिरेल एवढाच सोडायचा, आणि कुलूप-स्क्रू पक्का. बोल्टवर आणि तबकडीवर मिळून एक आडवी रेघ, सूनबाईच्या लाल नेलपॉलिशने. रेघ तुटलेली दिसली की थांबायचं. पंचाखाली साठलेली काजळी आणि पितळेचा चुराही त्याच वेळी निघाला. खळग्यातली काजळी खरवडून पन्नास पुंगळ्या वेगळ्या बसवून बघितल्या, त्यात डायलला दखल घेण्यासारखा फरक दिसला नाही, तो नाद सोडला.

जुना साठा

राहिली ती आधी भरलेली काडतुसं. बादलीत सहाशेच्या वर. अमेयचा पहिला प्रश्न मला अपेक्षित होता.

"उंच असलेले पुन्हा प्रेसमध्ये घालून दाबून घेऊ?"

"नाही."

"हळूच, मामा."

"आत दारू आहे, वर गोळी आहे, आणि तू टिकलीवर पंच दाबणार आहेस. हळूच म्हणजे किती हळू?"

ह्या एका मुद्द्यावर मी त्याच्याशी भाच्यासारखा नाही, हाताखालच्या पोरासारखा बोललो. भरलेल्या काडतुसाचा प्राइमर दाबायचा नसतो, हे तिकडच्या जुन्या भरणाऱ्यांचंही ठाम म्हणणं आहे. तीन संध्याकाळी त्याने एकेक काडतूस काचेवर उभं केलं. डुललेल्यांच्या गोळ्या पकडीच्या हत्याराने ओढून काढल्या, दारू परत डब्यात न टाकता वेगळी केली. कुठल्या डब्यातली दारू हे नक्की सांगता येत नसेल तर ती टाकून द्यायची, हा त्याचा स्वतःचा नियम, मला तो आवडला. प्राइमर राहिलेल्या नुसत्या पुंगळ्या त्याने रेंजवर पिस्तुलात घालून वाजवून टाकल्या. त्याही पहिल्या फटक्याला सगळ्या वाजल्या नाहीत, हे त्याने मला मुद्दाम कळवलं.

पुन्हा दोनशेची खेप घेतली, चार ट्रे, त्याच क्रमाने. चौथ्या ट्रेमध्ये एक डुलली. फक्त एक. अमेयने फोटो पाठवला तेव्हा तो जरा हिरमुसलेला होता. मी फोटो मोठा करून बुड बघितलं. अक्षरांच्या बाजूला वर्तुळ आणि त्यात अधिकचं चिन्ह, घासून पुसट झालेलं. निवडताना हातून सुटलेली क्रिम्पवाली.

"म्हणजे यंत्र बरोबर आहे?" त्याने विचारलं.

"यंत्राचं माहीत नाही, रेघ कशी आहे?"

"सरळ आहे."

"मग बरोबर आहे."

थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मागे सूनबाईचा आवाज येत होता, ती तिची नेलपॉलिशची बाटली शोधत होती.

"मामा, मग आता ती हलकी स्प्रिंग परत लावू?"

"पुढच्या तीन शनिवारचे चौथे ट्रे मला दाखव," मी म्हटलं, "मग बोलू."